डासांचा हिशोब लोकांपुढे मांडा

पावसाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की आमच्या भागात एक क्रम ठरलेला असतो. कुणाच्या तरी घरी डेंग्यू निघतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्लेटलेटचे आकडे फिरू लागतात. कुणीतरी नगरसेवकाला फोन लावतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धूरफवारणीची गाडी येते. मुले धुरामागे धावतात, घराघरांतून खिडक्या धडाधड लावल्या जातात, वास तासभर रेंगाळतो आणि चला, निदान फवारणी तरी झाली, असे म्हणत सगळे झोपतात. डेंग्यूचा डास त्या वेळी त्याच बंद खिडक्यांच्या आत, पलंगाखाली किंवा दाराआड टांगलेल्या कपड्यांमागे बसलेला असतो.

आपण या धुराचा हिशोब करून पाहू. शाळेतल्या गणितापलीकडचे त्यात काही नाही. समजा एका वस्तीत रोज जेवढे डास मरतात तेवढेच नवे डास पाण्यातून बाहेर येतात, आणि आज जिवंत असलेला डास उद्याही जिवंत असण्याची शक्यता ९० टक्के आहे. धुराने आज निम्मे डास मारले असे धरू. खिडक्या बंद असताना एवढे मरणे अवघडच, तरी धरू. पाण्यातल्या अळ्यांना आणि कोषांना धुराने काहीही होत नाही, त्यामुळे नवे डास पूर्वीच्याच गतीने निघत राहतात. सात दिवसांनी डासांची संख्या मूळच्या ७६ टक्क्यांवर आलेली असते आणि चौदा दिवसांनी ८९ टक्क्यांवर. म्हणजे पुढचा रुग्ण सापडेपर्यंत जवळजवळ पूर्वपदावर.

धूर अगदीच निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. साथ भडकली असताना रोगाचा विषाणू अंगात बाळगणारे म्हातारे डास त्यात मरतात आणि त्यांच्या जागी येणारे नवे डास निदान काही दिवस तरी निर्धोक असतात. घरांच्या आत, योग्य वेळी आणि थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा पुन्हा फवारणी झाली तर साथीचा जोर थोडा ओसरू शकतो. पण आपल्याकडे गाडी कोणत्या गल्लीत न्यायची, कधी न्यायची, किती वेळा न्यायची हे बहुतेक वेळा फोन कोणाचा आला यावर ठरते. माझी तक्रार तिथे आहे. डासांमुळे पसरणाऱ्या रोगांचे गणित शंभर वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे आणि त्याचा मोठा भाग याच देशातल्या अनुभवातून उभा राहिला. तरी आपल्या महापालिका आणि जिल्हा परिषदा ते वापरत नाहीत, आणि ज्या आकड्यांवर ते चालते ते आकडे नागरिकांपुढे येत नाहीत. हे आकडे आठवड्याच्या आठवड्याला, प्रभागवार आणि प्राथमिक आरोग्य केंद्रवार, सर्वांना वाचता येतील असे प्रसिद्ध झाले पाहिजेत. या लेखात मला एवढेच मागायचे आहे. मात्र ही मागणी किती जुनी आहे ते कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

रोनाल्ड रॉस हे नाव आपल्याला शाळेतल्या पुस्तकातून माहीत असते. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादमध्ये त्यांना डासाच्या जठराच्या भिंतीवर हिवतापाच्या परजीवीची वाढ दिसली आणि १९०२ साली त्यांना नोबेल मिळाले. पुस्तकातली गोष्ट इथे संपते. रॉस यांची खरी लढाई त्यानंतर सुरू झाली. डास रोग पसरवतो हे मान्य झाले तरी 'मग डास कमी करा' हे कुणाला पटेना. आक्षेप साधा होता: सगळे डास मारणे अशक्य, आणि थोडे उरले तर रोगही उरणार, मग खर्च कशाला? लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत १९०१ पासून काही वर्षे डबकी बुजवण्याचा, चर काढण्याचा प्रयोग झाला. हिवताप फारसा हटला नाही. त्यावरून डासनियंत्रणाचा मार्गच फोल असल्याचा निष्कर्ष काढण्यात आला. रॉस संतापले. त्यांचे म्हणणे होते की प्रयोगाचे क्षेत्र लहान होते, काम तोकडे होते आणि आधी किती डास होते, नंतर किती उरले याची धड मोजदादच झाली नव्हती. जे मोजलेच नाही ते फसले असे कसे म्हणायचे?

या वादातून रॉस गणिताकडे वळले. एखाद्या वर्तुळातले डास काढून टाकले तर बाहेरचे डास उडत उडत मध्यापर्यंत कितीसे पोहोचतील, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. डास एका दिशेने सरळ जात नाही. थोडा इकडे, थोडा तिकडे, कधी मागे असा तो भरकटतो. हे कोडे त्यांनी कार्ल पिअरसन या संख्याशास्त्रज्ञापुढे ठेवले आणि १९०५ साली पिअरसन यांनी त्याच प्रकारचा प्रश्न 'नेचर'च्या वाचकांना विचारला. आज शेअर बाजारापासून रेणूंच्या हालचालींपर्यंत सर्वत्र वापरली जाणारी 'यादृच्छिक चाल' ही संकल्पना त्या नावाने अशी प्रथम छापली गेली. मूळ प्रश्नाचे उत्तरही कामाचे होते: भरकटणारा जीव जन्मस्थानापासून सहसा फार लांब जात नाही, म्हणून पुरेसे मोठे क्षेत्र स्वच्छ केले तर त्याच्या मध्यभागी नक्की फरक पडतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास तर सहसा शंभर-दोनशे मीटरच्या आतच आयुष्य काढतो. तुमच्या घरात चावलेला एडिस बहुधा तुमच्याच इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत जन्मलेला असतो. महापालिकेला फोन लावण्याआधी गच्चीवर जाऊन यावे, ते याचसाठी.

मॉरिशसमधल्या हिवतापाचा अभ्यास करून आल्यावर १९०८ मध्ये रॉस यांनी अहवाल दिला आणि पुढे १९१० व १९११ मध्ये आपले समीकरण अधिक नेटके केले. गाभा असा. एक रुग्ण बरा होईपर्यंत डासांमार्फत सरासरी किती नव्या लोकांना रोग देतो? ही संख्या एकाहून जास्त असेल तर रोग वाढतो. एकाखाली गेली तर रोग हळूहळू विझतो, मग डास शिल्लक असले तरी. म्हणजे सगळे डास मारण्याची गरजच नाही, एका मर्यादेखाली आणले की पुरे. कोविडच्या काळात 'आर' हे अक्षर आपण रोज ऐकत होतो, त्या कल्पनेचे हे एक मूळ आहे.

१९५० च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी या समीकरणाला धार लावली. ती समजून घेण्यात मला नेहमी आनंद होतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो. रोग पसरायला एकाच डासाने दोनदा चावणे भाग आहे, एकदा रोग घेण्यासाठी आणि एकदा देण्यासाठी. त्यामुळे डासांची संख्या निम्मी केली तर प्रसार निम्मा होतो, पण प्रत्येक डासाचे माणसाला चावणे निम्मे केले तर प्रसार पावपट होतो. मच्छरदाणी ही साधी वस्तू इतकी प्रभावी का, याचे अर्धे उत्तर इथे आहे.

उरलेले अर्धे उत्तर डासाच्या वयात आहे. डासाने रोग्याचे रक्त प्याले की परजीवी त्याच्या शरीरात वाढून लाळेपर्यंत पोहोचायला साधारण दहा दिवस लागतात. तेवढे जगला तरच तो धोकादायक. रोज जगण्याची शक्यता ९० टक्के असेल तर दहा दिवस काढणारे डास शंभरात ३५ असतात. तीच शक्यता ८० टक्क्यांवर आणली तर शंभरात ११. शिवाय उरलेल्यांचे पुढचे आयुष्यही साडेनऊ दिवसांवरून साडेचार दिवसांवर येते. दोन्ही एकत्र धरले तर, डासांची संख्या तीच राहिली असे मानले तरी, प्रसार सातव्या हिश्श्यावर येतो! रोजच्या जगण्यात केवढासा फरक आणि परिणाम केवढा. भिंतीवर टिकणारे औषध किंवा औषधी मच्छरदाणी रोजच्या रोज डासाच्या मरणाची शक्यता वाढवते. धूर एकाच संध्याकाळी वाढवतो. दोन्हींना आपण 'फवारणी' म्हणतो, पण समीकरणात त्यांची जागा वेगळी आहे.

याच हिशोबाच्या बळावर जगाने डीडीटी हाती घेतले. १९५५ साली जागतिक आरोग्य संघटनेने हिवताप निर्मूलनाची मोहीम जाहीर केली. भारतात १९५३ मध्ये नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९६० च्या दशकाच्या मध्यावर नोंदलेले रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. गावोगावच्या घरांच्या भिंतींवर फवारणीची तारीख गेरूने लिहिलेली असे, ती आठवण ज्येष्ठांना असेल. आणि मग रोग परतला. १९७६ मध्ये देशात ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. डासांना औषधाची सवय झाली होती, पैसा आणि लक्ष आटले होते, रक्तनमुने तपासण्यात ढिलाई आली होती.

गणित चुकले का? थोडे चुकले, हे कबूल केले पाहिजे. समीकरणात सगळे डास सारखे, सगळी माणसे सारखी आणि सगळी घरे सारखी होती. १९६९ ते १९७६ या काळात उत्तर नायजेरियातल्या गारकी भागात जागतिक आरोग्य संघटनेने मोठा प्रकल्प चालवला. घरांत फवारणी केली, लोकांना सरसकट औषधे दिली, आणि सोबत नवे, अधिक तपशीलवार प्रारूप, म्हणजे रोगप्रसाराचे गणिती मॉडेल, रचले. तिथल्या डासांपैकी अनेक घराबाहेर विसावत, त्यांना भिंतीवरच्या औषधाचा स्पर्शच होत नव्हता. हिवताप खंडित झाला नाही. पण प्रत्येक टप्प्यावर मोजदाद असल्यामुळे तो का झाला नाही हे कळले, आणि ते आकडे पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांना कसोटीसाठी वापरता आले. मियाँ मीरने भांडण दिले, गारकीने ज्ञान दिले. फसलेल्या दोन प्रयोगांतला हा फरक मोजदादीने पडला.

आपल्या गडचिरोलीत हीच अडचण वेगळ्या रूपात दिसते. औषधी मच्छरदाण्या वाटल्या की हिशोब म्हणतो, चावणे इतके कमी होईल. पण धान राखायला माणूस रात्रभर शेतातल्या मांडवावर जागलीला असतो, मोहफुले वेचायला पहाटेच रानात शिरतो, तेंदूच्या हंगामात कुटुंबे मुक्कामाला बाहेर पडतात. मच्छरदाणी घरी खुंटीला असते. 'माणूस रात्री घरी झोपतो' हे गृहीतक लंडन-जिनिव्हात बसून सहज धरले जाते, आणि मुंबई-पुण्यातही. ते खोडून काढणारी माहिती आशाताईकडे आणि बहुउद्देशीय आरोग्य सेवकाकडे असते. प्रारूप रचणाऱ्याच्या टेबलापर्यंत ती येत नाही, कारण तिच्यासाठी रकानाच नसतो.

मुंबईकडेही अशा अनुभवाची मोठी शिदोरी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात हिवताप माजला तेव्हा चार्ल्स बेंटली यांनी शोध घेऊन १९११ मध्ये अहवाल दिला. दलदलीकडे सगळ्यांचे लक्ष असताना त्यांनी बोट ठेवले ते घरांमधल्या विहिरींवर. ॲनोफिलिस स्टीफेन्सी हा डास तिथे वाढत होता. विहिरी बुजवा किंवा डास शिरणार नाही अशा झाका, असा आदेश निघाला आणि गदारोळ उठला, कारण पारशी आणि हिंदू कुटुंबांसाठी अनेक विहिरी पवित्र होत्या. तरी ते काम झाले, कारण कोणत्या प्रकारच्या पाण्यात कोणते डास सापडतात याची विहीर-विहीर नोंद हाताशी होती. आज मुंबई महापालिका १८८८ च्या अधिनियमातल्या कलम ३८१ खाली डासांच्या पैदाशीबद्दल नोटिसा देते, त्यामागे ही परंपरा आहे. हाच स्टीफेन्सी २०१२ मध्ये आफ्रिकेतल्या जिबुतीत पोहोचला. तिथे त्या वर्षी हिवतापाचे अवघे २७ रुग्ण होते, २०२० मध्ये ७३ हजारांवर गेले. आपल्या गच्चीवरच्या टाकीतला डास दुसऱ्या खंडाचे काय करू शकतो, ते यातून दिसते.

मुंबईच्या आकड्यांचा आणखी एक ऋणानुबंध या शास्त्राशी आहे. तो डासांचा नाही, प्लेगचा. १९२७ साली केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी साथीच्या चढउताराचे जे समीकरण मांडले, त्यावर आजची बहुतेक साथप्रारूपे उभी आहेत. मॅकेंड्रिक हे भारतीय वैद्यकीय सेवेतले डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर संस्थेचे संचालक राहिलेले, आणि गणिताची ओढ त्यांना लागली ती रॉस यांच्या सहवासात. त्या शोधनिबंधातला एकुलता एक खरा आलेख मुंबईचा आहे: डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधले प्लेगचे आठवडी मृत्यू. वीस वर्षांनंतर स्कॉटलंडमध्ये बसलेल्या माणसाला आपले समीकरण तपासायला मुंबईचे आठवडी आकडे सहज मिळाले, कारण ते तेव्हा छापले जात होते.

त्या आलेखातून एक सावधगिरीही शिकता येते. वक्ररेषा मृत्यूंच्या ठिपक्यांवर अगदी चपखल बसली होती. पण प्लेग उंदीर आणि पिसवांमुळे पसरतो, ऋतूप्रमाणे दरवर्षी चढतो-उतरतो, आणि यातले काहीही त्या समीकरणात नव्हते. रेषा जुळली म्हणून कारण सापडले असे होत नाही. तेव्हा जे लोक प्रारूपाच्या नावाने रंगीत नकाशे दाखवून निधी मागतात, त्यांच्याकडे संशयाने पाहण्याचा हक्क नागरिकांनी सोडू नये.

आता आजच्या पुण्याकडे येऊ. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतल्या अभ्यासकांनी जानेवारी २०२५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००४ ते २०१५ या काळातले शहरातले डेंग्यूमृत्यू त्यांनी तापमान, आर्द्रता आणि पावसाशी ताडून पाहिले. पावसाळ्यात २७ ते ३५ अंश तापमान, ६० ते ७८ टक्के आर्द्रता आणि सबंध हंगामभर विखुरलेला मध्यम पाऊस असेल तर डेंग्यू वाढतो. आठवड्यात १५० मिलिमीटरहून जास्त कोसळला तर उलट कमी होतो, कारण अळ्या-अंडी वाहून जातात. यावर बेतलेले प्रारूप दोन महिन्यांहून अधिक आधी इशारा देऊ शकते, असे त्यांना आढळले. दोन महिने! गाडी, माणसे, रक्ततपासणीचे संच, रुग्णालयातल्या खाटा, सगळ्याची तयारी करायला हा वेळ पुरेसा आहे. हे शक्य झाले कारण पुण्याच्या आरोग्य खात्याने आकडे दिले. बारा वर्षांचे, एका शहराचे आकडे. नागपूर, नाशिक, कोल्हापूर, पणजी यांसाठी असा इशारा हवा असेल तर त्या त्या शहराचे आकडे लागतील. हवामानाची नोंद सगळीकडची मिळते, रोगाची मिळत नाही.

तापमानाचे गणित सरळ रेषेत जात नाही, म्हणूनही स्थानिक आकडे हवेत. हिवतापाचा घातक परजीवी, फाल्सिपेरम, डासाच्या शरीरात तयार व्हायला २० अंशांवर सुमारे २८ दिवस घेतो, २८ अंशांवर सुमारे ९ दिवस. आधीचा हिशोब लावला तर २० अंशांवर शंभरात पाच डास तेवढे जगतात, २८ अंशांवर अडतीस-एकोणचाळीस. पण पारा आणखी चढला की डासच लवकर मरू लागतात आणि प्रसार उतरतो. विदर्भातला मे आणि कोकणातला ऑक्टोबर यांना एकच 'डासांचा हंगाम' लावता येत नाही.

मग आकडे नाहीत असे का? आहेत, पण अपुरे आणि बंद फायलीत. डेंग्यूचा अधिकृत रुग्ण तोच, ज्याची एलायझा चाचणी ठरलेल्या प्रयोगशाळेत होकारार्थी आली. खासगी दवाखान्यात झटपट चाचणीवर 'पॉझिटिव्ह' आलेला माणूस फार तर संशयित. शास्त्रीय काटेकोरपणा म्हणून हे ठीक आहे, पण त्यामुळे दिसणारे चित्र किती आक्रसते पाहा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मदुराईतल्या तपशीलवार नोंदींवरून देशाचा अंदाज बांधला: २००६ ते २०१२ या काळात दरवर्षी डॉक्टरांनी निदान केलेले सुमारे ५८ लाख रुग्ण. अधिकृत नोंद वर्षाला सरासरी वीस हजारांच्या आसपास. २८२ पट फरक. हा अंदाज निम्म्याने चुकला असे मानले तरी अधिकृत आकड्यावर काही आखणे म्हणजे खिडकीच्या फटीतून मैदान मोजणे आहे.

हिवताप विभागाकडे एक चांगली सवय पूर्वापार आहे. रुग्णांसोबत किती रक्तनमुने घेतले तेही नोंदायचे. दहा रुग्ण शंभर नमुन्यांतून निघाले की दहा हजारांतून, यावरून अर्थ बदलतो. डेंग्यूचे आकडे वर्तमानपत्रात येतात तेव्हा हा दुसरा आकडा गायब असतो. परिणाम विपरीत होतो. जो प्रभाग जास्त तपासण्या करतो तो 'हॉटस्पॉट' म्हणून बदनाम होतो, आणि जिथे तपासणीच नाही तो सुरक्षित ठरतो. झोपडपट्टीतला माणूस ताप अंगावर काढतो, मेडिकलमधून गोळी घेतो आणि कामावर जातो. त्याचा आकडा कुठेच उमटत नाही. अशा आकड्यांवर प्रारूप चालवले तर ते साधनसामग्री चाचणी परवडणाऱ्यांच्या वस्तीकडेच वळवील. संगणकातून आल्यामुळे तो अन्याय शास्त्रीय दिसेल, आणि मला याची भीती धुरापेक्षा जास्त वाटते. म्हणून रुग्णसंख्येसोबत तपासण्यांची संख्या छापणे ही माझी पहिली अट आहे.

दुसरी अट अळ्यांच्या मोजणीची. कर्मचारी घरोघर फिरून किती घरांत, किती भांड्यांत अळ्या सापडल्या ते लिहितात. त्यावरून घर निर्देशांक, म्हणजे तपासलेल्या शंभर घरांमागे अळ्या सापडलेली घरे किती, तो आकडा निघतो. ही मोजणी मनीप्लांटची बाटली आणि बांधकामावरचा उघडा हौद यांना सारखेच धरते. अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसले आहे की मोजक्या प्रकारच्या पाणीसाठ्यांतूनच बहुतेक डास निघतात. कोष मोजले की ते साठे ओळखता येतात. आमच्या इथे कुंड्यांखालच्या बशांवरून रहिवाशांना नोटीस मिळते आणि पलीकडच्या प्लॉटवर तळघराच्या खड्ड्यात जुलैपासून पाणी साचलेले असते. गोव्याने हा धडा कठीण मार्गाने घेतला. १९८६ मध्ये पणजीत हिवतापाचा उद्रेक झाला तेव्हा बांधकामाच्या जागा आणि तिथे साठवलेले पाणी यांकडे लक्ष गेले. पुढे तिथे बांधकाम मजुरांची रक्ततपासणी आणि आरोग्यपत्रिका सक्तीची झाली. मजुराकडे आरोग्यपत्रिका मागणाऱ्या राज्याने बांधकाम व्यावसायिकाच्या हौदाची पत्रिकाही तितक्याच कडकपणे मागावी, असे मला वाटते.

'आकडे छापले तर लोक घाबरतील' हे मी अधिकाऱ्यांकडून ऐकले आहे. लोक आजही घाबरलेलेच असतात, फक्त अफवांवर. प्रभागाचा आकडा छापला तर कुणाचे नाव उघड होत नाही. 'अंदाज चुकला तर आमच्या अंगाशी येईल' ही भीती मला जास्त प्रामाणिक वाटते. तिला उत्तर आपल्याच देशात आहे. मान्सूनचा अधिकृत अंदाज १८८६ पासून दिला जातो. तो किती तरी वेळा चुकला, त्यावर टीका झाली, पद्धती बदलल्या, आणि आज शेतकरी तो ऐकतो. कारण अंदाज आधी जाहीर होतो आणि सप्टेंबर संपला की प्रत्यक्ष पाऊस शेजारी मांडला जातो. डेंग्यूचा अंदाजही मे महिन्यात जाहीर करा, कमीत कमी इतके आणि जास्तीत जास्त इतके अशा शब्दांत. डिसेंबरात प्रत्यक्ष आकडा त्याच्या शेजारी छापा. चूकही छापा. सार्वजनिक पैशावर चालणारे कोणतेही प्रारूप, मग ते विद्यापीठाचे असो वा कंपनीचे, या परीक्षेला बसले पाहिजे.

'माणसेच नाहीत' हा आक्षेप मात्र खरा आहे. अळ्या तपासणारे कर्मचारी अनेक ठिकाणी कंत्राटी आहेत, हंगामापुरते घेतले जातात, आणि पुढच्या वर्षी नवे चेहरे येतात. कोणत्या गल्लीत कोणता हौद हे ज्याला पाठ असते तो माणूस निघून जातो. धूरफवारणीच्या यंत्रांसाठी आणि औषधासाठी पैसे निघतात, तसे या माणसांना कायम करण्यासाठी निघाले पाहिजेत. त्यांच्या नोंदींशिवाय समीकरणात घालायला काही नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या घरी तपासणीला एक ताई आल्या होत्या. त्यांनी फ्रिजमागचा ट्रे ओढून पाहिला, बाल्कनीतल्या कुंड्या पाहिल्या, गच्चीवर जाऊन टाकीचे झाकण उचलले, आणि पिंपाच्या कडा घासून कोरड्या करायला सांगितल्या, कारण पाणी ओतून दिले तरी कडेला चिकटलेली अंडी महिनोन्महिने जगतात. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा, अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, हेही सांगितले. मग वहीत लिहिले. वहीचे पान मी पाहिले: तपासलेली घरे, अळ्या सापडलेली घरे, तपासलेली भांडी, बंद घरे. आमच्या इमारतीतल्या ४८ पैकी १९ फ्लॅट बंद होते.

"ताई, हे पुढे कुठे जाते?"

"ऑफिसात जमा होते, काका. महिन्याला गोषवारा वर पाठवतात."

"आणि या बंद घरांचे?"

"गोषवाऱ्यात तो रकाना नसतो," त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून पुढच्या इमारतीकडे गेल्या.